रान, बेट आणि ‘रानटी’ हा शब्द

विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या १९५४ च्या कादंबरीबद्दल आपल्याकडे बोलणे निघाले की एक वाक्य ठरल्यासारखे येते : सुधारणेचे कवच गळून पडले की माणूस रानटी होतो. परीक्षेच्या गाईडांत हाच विषय ‘सभ्यता विरुद्ध रानटीपणा’ अशा मथळ्याखाली असतो आणि त्याचे उत्तरही पाठ करण्याजोगे असते. शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे बुद्धी, काठीवर खोचलेले डुकराचे मुंडके म्हणजे माणसाच्या आतले पाप. हे उत्तर चूक आहे असे नाही; पण ते फार लवकर संपते. कादंबरीने ज्या शब्दावर संशय घ्यायला लावला, तोच शब्द हे उत्तर निमूटपणे वापरते.

तो शब्द म्हणजे ‘रानटी’. इंग्रजीतल्या ‘सॅव्हेज’साठी आपण तो सहज योजतो. मात्र मराठीत या शब्दाच्या पोटात रान आहे, आणि रान म्हणजे केवळ झाडीचा अंधार नव्हे. बुलढाण्याकडे शेताला वावर म्हणतात, पण ‘रानात गेला’ म्हणजे कामाला गेला हेही कुणाला समजावून सांगावे लागत नाही. रानमेवा आपण कौतुकाने खातो, रानभाजीची पावसाळ्यात वाट पाहतो. त्याच रानाला ‘टी’ लागला की मात्र ती शिवी होते. शहरात, शाळेत, कचेरीत घडलेले क्रौर्यसुद्धा आपण रानाच्या नावावर मांडतो. या हिशेबाची तपासणी करायला गोल्डिंगची कादंबरी फार उपयोगी आहे. फक्त ती एकटी वाचू नये. तिच्या शेजारी दुसरे एक पुस्तक ठेवावे. ती सोय मराठी वाचकासाठी एकाच माणसाने करून ठेवली आहे.

जी.एं.च्या दोन कादंबऱ्या

जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) हे कथाकार म्हणून आपल्या मनावर इतके ठसले आहेत की त्यांच्या भाषांतरांकडे बघायला सवड होत नाही. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या या लेखकाने कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची पुस्तके मराठीत आणली. त्यातल्या त्रिधारेची नावे ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ अशी आहेत. मूळ नावे साधी आहेत : झाडे, शेते, नगर. जी.एं.नी त्यांना आपल्या खेड्याच्या भूगोलाचा क्रम दिला. झाडी तोडून शिवार होते, शिवाराच्या कडेने गाव वसते, हा अमेरिकेतल्या ओहायो प्रदेशाचा इतिहास या तीन शब्दांमुळे वऱ्हाडातल्या वाचकालाही परका वाटत नाही.

रिक्टरचीच ‘द लाइट इन द फॉरेस्ट’ ही छोटी कादंबरी १९५३ साली आली. जी.एं.नी तिला ‘रानातील प्रकाश’ म्हटले. तिच्यानंतर वर्षभराने गोल्डिंगची कादंबरी आली, आणि तीही जी.एं.नी मराठीत आणली. दोन्ही कादंबऱ्यांत आपल्या माणसांपासून तुटलेली मुले आहेत. दोन्हींत गोऱ्या माणसांचे जग आणि त्याच्या कुंपणाबाहेरचे जग समोरासमोर येते. निष्कर्ष मात्र उलट दिशांनी निघतात.

‘रानातील प्रकाश’मधला मुलगा चार वर्षांचा असताना डेलावेअर, म्हणजेच लेनी लेनापे, या आदिवासींनी पेनसिल्व्हेनियातून पळवून नेलेला आहे. कायलोगा त्याला दत्तक घेतो आणि त्याचे नाव ठेवतो ट्रू सन, खरा मुलगा. अकरा वर्षांनी, १७६४ साली, कर्नल बुके यांच्या तहानुसार गोऱ्या बंदिवानांना परत करावे लागते. पंधरा वर्षांचा हा मुलगा बांधून ‘घरी’ आणला जातो. त्याला बूट टोचतात, छप्पर गुदमरवते, आणि आपल्या आईबापांना तो शत्रू समजतो. त्याच्या नात्यातलाच एक माणूस ‘पॅक्सटन बॉइज’ या जमावातला आहे. हा जमाव रिक्टरने कल्पिलेला नाही. डिसेंबर १७६३ मध्ये याच भागातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी कोनेस्टोगा या शांततेने राहणाऱ्या आदिवासींना, आसऱ्यासाठी सरकारी इमारतीत ठेवलेल्या बायकामुलांसह, ठार मारले होते. त्या मुलाला सभ्य करण्याची जबाबदारी आता अशा माणसांच्या घराकडे आली आहे.

रिक्टर एवढ्यावर थांबत नाही, हे त्याचे मोठेपण. मुलगा पळून पुन्हा रानात जातो आणि टोळीबरोबर सूड घ्यायला निघतो. तेव्हा आपल्या माणसांनी आणलेल्या कातड्यांत एका लहान मुलाच्या डोक्याचे कातडे आहे हे त्याला दिसते. गोऱ्यांची नाव काठाकडे ओढून आणण्यासाठी त्याला आमिष म्हणून पाण्यात उभे करतात. नावेतल्या एका मुलात त्याला आपला धाकटा गोरा भाऊ दिसतो आणि तो ओरडून सावध करतो. टोळी त्याला टाकते. ज्याने मुलगा मानले तो बापही त्याला गोऱ्यांच्या वाटेपर्यंत आणून सोडतो. लहान मुलाला मारणारे दोन्हीकडे आहेत आणि लहान मुलाला वाचवणाऱ्याला दोन्हीकडे जागा नाही. ‘सभ्यता विरुद्ध रानटीपणा’ या मथळ्यात ही गोष्ट बसत नाही.

बेटावर काय उतरले?

या पुस्तकावरून नजर उचलून गोल्डिंगच्या बेटाकडे पाहिले की पहिला प्रश्न वेगळा पडतो. बेटाने मुलांना काय केले, हा प्रश्न मागे राहतो. मुलांनी बेटावर काय आणले, हा पुढे येतो.

जॅक आणि त्याची मुले कादंबरीत प्रथम येतात ती रांगेत, काळे झगे घालून, छातीवर क्रूस लावून. ती चर्चच्या गायनपथकातली मुले आहेत. पुढे शिकारी होतात ती हीच. आज्ञा पाळणे, रांगेत चालणे, म्होरक्याच्या शब्दावर चक्कर येईपर्यंत उन्हात उभे राहणे हे त्यांना बेटावर शिकावे लागले नाही. जॅकला प्रमुख व्हायचे आहे आणि त्याची पात्रता म्हणून तो शाळेतले आपले पद सांगतो. पिगीची चेष्टा पहिल्या दिवसापासून आहे. ती त्याच्या जाडेपणाची, दम्याची, चष्म्याची आहे, तशीच त्याच्या खालच्या वर्गातल्या बोलीची आहे. इंग्लंडमधली वर्गव्यवस्था विमानातून सुखरूप उतरलेली आहे.

रॉजरचा प्रसंग या दृष्टीने फार महत्त्वाचा. तो वाळूत खेळणाऱ्या लहानग्या हेन्रीकडे दगड फेकतो, पण नेम धरून चुकवतो. हेन्रीभोवती काही यार्डांचे एक वर्तुळ आहे, त्याच्या आत दगड टाकायची रॉजरची हिंमत होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस आणि कायदा यांनी त्याचा हात अडवून धरला आहे, असे गोल्डिंग सुचवतो. बहुतेक समीक्षक इथे सभ्यतेचा बांध पाहतात. बांध आहे खरा. पण हात आखडला तरी मारण्याची इच्छा आधीपासून शाबूत आहे, हेही त्याच प्रसंगात आहे. शाळेने रॉजरला दगड कुठपर्यंत फेकावा हे शिकवले. हेन्रीला लागेल, हे शिकवले नाही. पुढे पिगीवर कडा ढकलणारा हात रॉजरचाच आहे.

आणि ज्याला आपण विवेकाचा प्रतिनिधी मानतो त्या पिगीची भाषा पाहा. मरणाच्या काही क्षण आधी, हातात शंख धरून, तो जॅकच्या टोळीला विचारतो की शहाण्यासारखे वागणे बरे की रंग फासलेल्या अमक्यातमक्यांसारखे. मूळ इंग्रजी आवृत्तीत त्या जागी काळ्या लोकांसाठीची शिवी होती. अमेरिकन आवृत्तीत तिथे ‘इंडियन’ हा शब्द घातला गेला, म्हणजे रिक्टरच्या कायलोगाचे लोक! एकाच भाषांतरकाराच्या दोन पुस्तकांत एकीकडे ते माणसे आहेत आणि दुसरीकडे, शहाण्या मुलाच्या तोंडीसुद्धा, ते उपमान आहेत. शेवटी येणारा नौदलाचा अधिकारीही हीच री ओढतो. इंग्रज मुलांकडून याहून बरे अपेक्षित होते, असे त्याचे म्हणणे पडते. त्याच्या कमरेला पिस्तूल आहे, मागे युद्धनौका आहे आणि जगात अणुयुद्ध चालू आहे.

गोल्डिंग उत्तर देत होता ते आर. एम. बॅलन्टाइन यांच्या ‘द कोरल आयलंड’ला, हे सर्वश्रुत आहे. राल्फ आणि जॅक ही नावेही तिथलीच. बॅलन्टाइनच्या पुस्तकात इंग्रज मुले सद्गुणी आणि दक्षिण समुद्रातले बेटवासी नरभक्षक आहेत. ते पुस्तक १८५७ चे. आपल्याकडे त्या साली काय चालले होते ते सांगायला नको. वऱ्हाड तर १८५३ च्या करारानंतर इंग्रजांच्या कारभारात आलेलेच होते. जे साम्राज्य आपल्या मुलांसाठी अशा गोष्टी छापत होते, तेच इथल्या मुलांबद्दल कायदे करणार होते.

शिकारी आणि पारधी

बेटावरच्या मुलांची घसरण शिकारीपासून सुरू होते असे मानले जाते. इथे आपल्या मातीतला एक पुरावा समोर ठेवतो. फासेपारधी ही बुलढाणा, अकोला, अमरावतीपासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत आढळणारी जमात. फास लावून हरणे, तितर, लावे धरणे हा तिचा परंपरागत धंदा. नावातच शिकार आहे. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे आढळले की नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्यात कोणी कोणते प्राणी धरायचे याची वाटणी होती. फासेपारध्यांची आणखी एक रीत त्यांनी नोंदवली आहे : फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून द्यायचे.

आता कादंबरीतला डुकरिणीचा प्रसंग आठवावा. जॅकची टोळी जी डुकरीण निवडते ती पिलांना पाजत पडलेली आहे. तिला ज्या रीतीने मारतात त्याचे वर्णन वाचवत नाही. तिचे मुंडके काठीवर खोचले जाते आणि कादंबरीचे नाव तिथून येते. इकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगणाऱ्या जमातीचा नियम, तिकडे चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांची शिकार. शिकार माणसाला पशू करते हे म्हणणे या दोन्हींपुढे टिकत नाही. शिकारीला नियम होता की नव्हता, एवढेच उरते.

तरीही ‘गुन्हेगार’ ठरले ते पारधी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने काय केले याऐवजी तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहायला सुरुवात केली. १९११ पर्यंत तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला दिली. चार वर्षे! रिक्टरचा ट्रू सन पळवला गेला तेव्हा तेवढ्याच वयाचा होता. फरक असा की त्याला पळवणारे रानटी ठरले आणि इकडे पळवणे हा सुधारणेचा कार्यक्रम ठरला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटची आठवण महाराष्ट्रात अजून पुसलेली नाही. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणजे गोल्डिंगच्या कादंबरीच्या जेमतेम दोन वर्षे आधी. भटक्या-विमुक्तांच्या पुढच्या पिढीतून लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आले. ही आत्मकथने आपण दलित-भटक्यांच्या साहित्याच्या कप्प्यात ठेवतो. कायद्याने आणि समाजाने ज्यांना कुंपणाबाहेर ठेवले त्या मुलांची ती पुस्तके आहेत, म्हणून गोल्डिंगशेजारीही ती ठेवायला हवीत.

पाळी

मग बेटावर मोडते ते काय? माझ्या वाचनात त्याचे उत्तर विस्तवापाशी आहे. गाईडांत विस्तव हे आशेचे प्रतीक असते. हंगामात रानडुकरांपासून ज्वारी-मका राखायला रात्र रात्र जागल करणाऱ्याला विस्तव हे आधी काम वाटते. लाकूड कोणी आणायचे, पहिल्या प्रहरी कोणी जागायचे, झोप लागली तर कोणाला उठवायचे. या सगळ्याला आपल्याकडे एक शब्द आहे, पाळी. कालव्याच्या पाण्याला पाळी असते, जागलीला असते, घरातल्या दळण्याकांडण्यालाही होती.

कादंबरीतला पहिला खरा अपराध पाळी चुकवण्याचा आहे. जॅक विस्तवावरच्या मुलांना शिकारीला घेऊन जातो, विस्तव विझतो आणि नेमके तेव्हाच क्षितिजावरून जहाज निघून जाते. तेव्हा कोणी कोणाला मारलेले नसते, तोंडाला लावलेला रंग नुसता शिकारीपुरता असतो. पण बेट तिथेच हातचे गेलेले असते. झोपड्यांचेही तसेच. सभेत सगळे हात वर करतात आणि बांधायला राल्फ आणि सायमन एवढेच उरतात. शंखामुळे बोलण्याची पाळी लागली. कामाची पाळी लावणे कोणाला जमले नाही.

याला आधार देणारी घटना खरोखर घडली आहे. जून १९६५ मध्ये टोंगा या दक्षिण समुद्रातल्या देशातली सहा शाळकरी मुले एक नाव न विचारता घेऊन निघाली, वादळात सापडली आणि ‘अता’ नावाच्या ओसाड बेटाला लागली. पंधरा महिन्यांनी, सप्टेंबर १९६६ मध्ये, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाने त्यांना सोडवले. मुलांनी लाकडावर लाकूड घासून विस्तव पेटवला होता आणि वर्षभराहून अधिक काळ तो विझू दिला नव्हता. बाग, स्वयंपाक आणि पहारा यांसाठी दोघादोघांच्या पाळ्या लावल्या होत्या. एकाचा पाय मोडला तेव्हा तो काठ्या-पाल्यांनी बांधून बसवला आणि त्याचे काम आपसांत वाटून घेतले. रुटगर ब्रेगमन यांच्या २०२० च्या पुस्तकामुळे ही हकिगत जगभर पोचली आणि ‘गोल्डिंग खोटा ठरला’ असे म्हटले जाऊ लागले.

मला ते म्हणणे घाईचे वाटते. सहा मित्र आणि परस्परांना अनोळखी असलेला मोठा घोळका यांची तुलना सरळ होत नाही. या घटनेचा खरा अर्थ दोन गोष्टींत आहे. एक : ही मुले बॅलन्टाइनने ज्यांना नरभक्षक ठरवले त्याच समुद्रातल्या लोकांची होती. दुसरी : ‘अता’ बेट मुळात ओसाड नव्हते. १८६३ मध्ये गुलामांच्या व्यापारासाठी आलेल्या जहाजाने तिथली बरीच माणसे भरून नेली, त्यानंतर ते रिकामे पडले. जुन्या वस्तीच्या जागी रानोमाळ झालेली केळी, अळू आणि कोंबड्या यांवर ही सहा मुले जगली. जे गाव ‘सुधारलेल्या’ जहाजाने उठवले, त्याच गावाने शंभर वर्षांनी आपल्या पोरांना खाऊ घातले.

नाव हरवणे

म्हणून गोल्डिंगला भाबडा ठरवायचे कारण नाही. सायमन मारला जातो त्या रात्रीच्या नाचात राल्फ आणि पिगीही कडेने सामील आहेत, आणि सकाळी पिगी तो अपघात होता असे स्वतःला पटवू पाहतो. माणसात वाईट नाही असा दिलासा ही कादंबरी देत नाही. आपणही तो घेऊ नये. माझा आक्षेप एका जागी मात्र आहे. कादंबरीच्या अखेरच्या भागात निवेदक स्वतःच रंग फासलेल्या मुलांना नावाऐवजी ‘सॅव्हेज’ म्हणू लागतो. हे राल्फच्या भेदरलेल्या डोळ्यांतून पाहणे आहे असा बचाव करता येईल, आणि तो बराचसा खराही आहे. तरी ज्या शब्दाचे वस्त्र गोल्डिंगने अधिकाऱ्याच्या अंगावरून ओढून काढले, तो त्याला स्वतःला पूर्ण टाकता आला नाही, एवढे म्हणावेच लागते.

त्याची भरपाई तो एका छोट्या मुलाकडून करतो. पर्सिव्हल नावाचे पोर आरंभी आपले पूर्ण नाव आणि घरचा पत्ता मंत्रासारखा म्हणत असते. शेवटी अधिकाऱ्यासमोर उभे राहिल्यावर त्याला आपले नावसुद्धा सांगता येत नाही. बेटावर हरवले ते हे. सायमनला मारण्याआधी त्याला ‘पशू’ म्हटले गेले होते. पिगीचे खरे नाव तर शेवटपर्यंत कोणी विचारलेच नाही. मारण्याआधी नाव काढून घेणे हा क्रम पॅक्सटनच्या जमावाला माहीत होता आणि १८७१ चा कायदा लिहिणाऱ्यांनाही.

आमच्या जिल्ह्यात जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. तिथल्या कोरकू, भिल्ल, निहाल मुलांना आणि इकडे पालांवरच्या पारध्यांच्या मुलांना खालच्या गावच्या शाळेत पहिल्या आठवड्यात कोणत्या शब्दाने हाक मारली जाते, ते वर्गात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ शिकवणाऱ्या प्राध्यापकांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. ‘रानातील प्रकाश’ तिच्या जोडीने वाचायला द्यावे, आणि ‘सभ्यता विरुद्ध रानटीपणा यावर चर्चा करा’ या प्रश्नाऐवजी असे विचारावे : बेटावर विस्तव राखण्याची पाळी कोणाची होती, ती कोणी मोडली, आणि पिगीचे नाव काय होते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. ते शोधताना विद्यार्थी आपल्याच बाकावरच्या कोणाचे नाव कधी विचारले नव्हते ते आठवू लागले, तर कादंबरी शिकवून झाली असे समजायला हरकत नाही.